माइटप्रतिकारक मधमाशी : शीत देशांतील संवर्धन आणि जव्हार-मोखाड्याची सातेरी

१. प्रतिकार या शब्दाचा अर्थ

‘रोगप्रतिकारक वाण’ हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या चांगला परिचयाचा आहे. तो कानी पडताच बियाण्याची पिशवी डोळ्यांपुढे येते : संशोधनकेंद्रात वाण तयार व्हावा, दुकानात तो विकत मिळावा, शेतात पेरावा आणि रोग टळावा. मधमाशीच्या बाबतीतही हीच कल्पना जशीच्या तशी लागू केली जाते. परदेशात माइटप्रतिकारक मधमाश्या तयार झाल्या आहेत असे ऐकले, की त्या आपल्याकडे कधी येणार, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. जव्हार व मोखाडा या डोंगरी तालुक्यांत मधुमक्षिकापालनाचा विचार होऊ लागला म्हणजे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. कोणत्या जातीची पेटी आदिवासी कुटुंबाच्या परसात ठेवावयाची, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

आरंभी दोन शब्दांचा खुलासा करणे अवश्य आहे. माइट हा गोचिडीच्या वर्गातील आठ पायांचा सूक्ष्म जीव होय. आपल्या कृषिविषयक लेखनात त्याला ‘कोळी’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु जाळे विणणारा कीटकभक्षक तोही कोळी, मासे धरणारा तोही कोळी आणि जव्हारच्या परिसरात तर महादेव कोळी व मल्हार कोळी या जमातींची वस्ती. ‘पेटीत कोळी शिरला’ या वाक्याचा अर्थ तेथे कोणी काय घ्यावा? म्हणून प्रस्तुत लेखात ‘माइट’ हाच शब्द ठेवला आहे.

दुसरा शब्द ‘प्रतिकार’. याचा उपयोग तीन भिन्न अर्थांनी केला जातो. मधमाशीच्या वसाहतीत माइटची वाढच होऊ न देणे, हा खरा प्रतिकार. माइट भरपूर असूनही वसाहतीने तग धरणे, ही सहनशीलता. आणि माइटने औषधाला न जुमानणे, हा तिसरा अर्थ, ज्यात प्रतिकार मधमाशीचा नसून माइटचा असतो. सहनशील वसाहत स्वतः जगते, पण शेजारच्या वसाहतींना माइट पुरवीत राहते. प्रतिकारक वसाहतीमुळे शेजाऱ्यांवरील भारही हलका होतो. हा भेद लक्षात न घेतल्यास ‘प्रतिकारक मधमाशी’ या नावाखाली भलतीच मधमाशी घरात येण्याचा संभव असतो.

२. व्हरोआ माइट आणि तिचा प्रवास

मधमाशीच्या शत्रूंमध्ये आज ज्या माइटचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते ती व्हरोआ. तांबूस तपकिरी रंगाची, चपटी, सुमारे दीड मिलिमीटर रुंदीची मादी मधमाशीच्या अंगाला चिकटून राहते. १९०४ मध्ये औडेमान्स या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावरील पौर्वात्य मधमाशीच्या, म्हणजे एपिस सेरानाच्या, अंगावर मिळालेल्या या जीवाचे प्रथम वर्णन केले व त्यास व्हरोआ जेकबसोनाय हे नाव दिले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभरची माइट याच नावाने ओळखली गेली. २००० मध्ये अँडरसन व ट्रूमन यांनी दाखवून दिले की, पाश्चात्य मधमाशीचा, म्हणजे एपिस मेलिफेराचा, संहार करणारी माइट ही वेगळी जाती आहे. तिला व्हरोआ डिस्ट्रक्टर, अर्थात विध्वंसक, असे नाव मिळाले.

तिचे जीवनचक्र समजले म्हणजे पुढील सारा विषय सुलभ होतो. पोळ्याच्या घरातील अळी पूर्ण वाढली, की कामकरी माश्या त्या घरावर मेणाचे झाकण घालतात. त्याच्या किंचित आधी माइटची मादी घरात शिरून बसते. झाकण पडल्यानंतर सुमारे अडीच ते तीन दिवसांनी ती पहिले अंडे घालते व त्यातून नर निघतो. पुढे साधारणतः तीस-तीस तासांनी एकेक अंडे पडते व त्यांतून माद्या निघतात. ही पिले मधमाशीच्या कोशातील शरीरद्रव्यांवर पोसतात. नव्या मादीला पूर्ण वाढण्यास सहा दिवसांच्या आसपास अवधी लागतो. मेलिफेराच्या कामकरी माशीचे घर सुमारे बारा दिवस झाकलेले असते, तर नराचे चौदा-पंधरा दिवस. साहजिकच नराच्या घरात माइटच्या अधिक मुली तयार होतात. मधमाशी घराबाहेर पडते तेव्हा आई व तयार मुली तिच्यासोबत बाहेर येतात आणि नवे घर शोधू लागतात.

माइट मधमाशीला दुबळी करते ती केवळ शोषणाने नव्हे. ती विषाणूही पसरविते. त्यांपैकी पंख चुरगळून टाकणारा विषाणू विशेष घातक आहे.

सेराना व व्हरोआ यांचा सहवास फार प्राचीन आहे. मेलिफेरा मूळची युरोप, आफ्रिका व पश्चिम आशियातील. मनुष्याने तिच्या पेट्या पूर्व आशियात नेल्या, तेव्हा विसाव्या शतकात ही माइट एका जातीवरून दुसरीवर गेली आणि पेट्यांच्या वाहतुकीबरोबर पश्चिमेकडे परतली. १९६० नंतरच्या दोन दशकांत ती युरोपात पसरली, १९८७ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळली, २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये पोहोचली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातही शिरली. या साऱ्या प्रवासात माइटने स्वतः फारसे अंतर कापलेले नाही. तिला मनुष्याने वाहून नेले.

३. थंडीमुळे संकट का वाढते

शीत देशांत मेलिफेरा हिवाळ्यात घट्ट गोळा करून बसते. राणी अंडी घालणे थांबविते. पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या व कोश यांचा संभार, काही महिने नसतोच. पिलावा नाही म्हणजे माइटची वाढही नाही. तेव्हा थंडी ही मधमाशीला साहाय्यक ठरावी असे वाटते. प्रत्यक्षात परिणाम उलट होतो. उन्हाळ्यातील कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते, परंतु शरद ऋतूत जन्मलेल्या माशीला वसंतापर्यंत सहा महिने तग धरावयाचा असतो. त्यासाठी तिच्या शरीरात मेदाचा साठा हवा. नेमका शरदातच माइटचा भार कमाल झालेला असतो, आणि पिलावा मात्र घटू लागलेला असतो. त्यामुळे प्रत्येक उरलेल्या घरावर अधिक माइट तुटून पडतात. अशा घरातून निघालेली माशी हिवाळा पुरा करू शकत नाही. पेटीत मध शिल्लक असतो आणि माश्या मात्र नाहीशा झालेल्या असतात.

यावर रासायनिक औषधांचा उपाय योजण्यात आला. फ्लुव्हॅलिनेटसारख्या द्रव्यांनी आरंभी उत्तम काम केले, परंतु १९९० नंतरच्या दशकात त्यांना न जुमानणारी माइट युरोपात व अमेरिकेत दिसू लागली. औषधाचा आणखी एक परिणाम होतो. जी वसाहत स्वतःच्या बळावर मेली असती तीही औषधाने जगते, तिचे नर हवेत उडतात आणि तिचे दुबळे गुण पुढील पिढीत उतरतात. म्हणून संशोधकांचे लक्ष संवर्धनाकडे, म्हणजे निवडीने वंश सुधारण्याकडे, वळले.

४. शीत देशांतील संवर्धनाचे मार्ग

पहिला मार्ग निवडीचा. व्हरोआ अमेरिकेत येण्याच्या कितीतरी आधी, १९६४ मध्ये, रोथेनब्यूलर या संशोधकाने मधमाशीच्या ‘स्वच्छतावृत्ती’चा अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही वसाहतींतील कामकरी माश्या रोगट पिलाव्याचे घर ओळखतात, त्याचे झाकण काढतात आणि मृत अळी बाहेर फेकतात, तर काही वसाहतींत असे होत नाही. ही वृत्ती आनुवंशिक आहे असे त्याने दाखविले. त्याने हे कार्य सडक्या अळीच्या जिवाणुजन्य रोगाच्या संदर्भात केले होते. पुढे मिनेसोटा या अतिशीत राज्यात मार्ला स्पिव्हाक यांनी या वृत्तीच्या वसाहती निवडून एक वंशपरंपरा तयार केली. लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथील सरकारी प्रयोगशाळेत हार्बो व हॅरिस यांनी माइटग्रस्त घरे नेमकी ओळखून उघडणाऱ्या माश्यांची निवड केली.

दुसरा मार्ग शोधाचा. रशियाच्या अतिपूर्वेकडील प्रिमोर्स्की प्रदेशात वसाहतवाल्यांनी नेलेली मेलिफेरा तेथील सेरानाच्या सान्निध्यात, म्हणजेच माइटच्या माहेरघरी, इतरांहून अधिक काळ राहिलेली होती. त्या माश्यांत काही प्रतिकार निर्माण झाला असावा या तर्काने १९९७ मध्ये अमेरिकन कृषिखात्याने तेथील राण्या आणवून त्यांवर संवर्धन सुरू केले. हा तर्क योग्य ठरला.

तिसरा मार्ग कठोर आहे. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर १९९९ मध्ये इंगेमार फ्रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५० वसाहती एकत्र ठेवल्या व त्यांना कोणतेही औषध दिले नाही. पहिल्या काही हिवाळ्यांत बहुसंख्य वसाहती मेल्या. थोड्या उरल्या. त्यांचा वंश पुढे टिकला आणि त्यांच्यात माइटची वीण कमी होते असे नंतरच्या निरीक्षणांत आढळले. उरलेल्या वसाहती आकाराने लहान होत्या व त्यांचा पिलावाही मर्यादित असे. प्रतिकाराची किंमत मधाच्या उत्पन्नात चुकवावी लागली, असा याचा अर्थ.

या तिन्ही मार्गांत एकच मोठी अडचण आहे. मधमाशीची राणी उंच हवेत, दहा-वीस किंवा त्याहूनही अधिक नरांशी संयोग करते. राणी निवडता येते, नर निवडता येत नाहीत. म्हणून संवर्धकाला एकाकी बेट, निर्जन माळ किंवा यंत्राने करावयाचे कृत्रिम रेतन यांचा आश्रय घ्यावा लागतो. इंग्लंडातील बकफास्ट मठाचे ब्रदर अ‍ॅडम यांनी १९२५ पासून डार्टमूरच्या ओसाड माळावर संयोगस्थान चालविले ते याच कारणाने. निवडलेली राणी सामान्य पेट्यांच्या गर्दीत नेऊन ठेवली, की दोन-चार पिढ्यांत तिचा विशेष गुण विरून जातो. बियाण्याची पिशवी आणि मधमाशीची राणी यांतील फरक तो हाच. वाण विकत आणता येतो. प्रतिकार ज्या आसमंतात संयोग होतो त्या आसमंताचा असावा लागतो.

५. सातेरीचे स्वाभाविक रक्षण

शीत देशांतील संवर्धक जे गुण अनेक दशकांच्या श्रमाने मेलिफेरात आणू पाहतात, ते बहुतेक सर्व जव्हारच्या जंगलातील सातेरीत उपजत आहेत. सातेरी ही सेरानाची भारतीय उपजाती, एपिस सेराना इंडिका. महाराष्ट्रात आढळणाऱ्या इतर मधमाश्यांत उघड्यावर एकच प्रचंड पोळे बांधणारी आग्या, झुडपात लहान पोळे लावणारी फुलोरी आणि नांगी नसलेली पोयाची यांचा समावेश होतो. सातेरी अंधाऱ्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत वा जुन्या वारुळात, एकमेकींस समांतर अशी अनेक पोळी बांधते. सात पोळी लावते म्हणून सातेरी, अशी उपपत्ती सर्वत्र सांगितली जाते. पोळ्यांची संख्या मात्र सातच असते असे नाही. गोमंतकात वारुळाच्या रूपाने पूजिली जाणारी देवी सातेरी आहे आणि मधमाशी सातेरीही वारुळात राहते, हे साम्य लक्षवेधक आहे, तथापि केवळ नामसादृश्यावरून संबंध सिद्ध होत नाही. वारुळातील मधाची जुनी ओळख मात्र निश्चित आहे. सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या मधाच्या आठ प्रकारांपैकी औद्दालक हा वारुळात राहणाऱ्या कीटकांचा मध होय.

सातेरीच्या रक्षणाची साधने मुख्यतः चार आहेत.

पहिले, अंग झाडणे. माइट अंगावर चढली, की माशी पायांनी स्वतःस पुसते. तेवढ्याने भागले नाही तर ती विशिष्ट हालचाली करते आणि शेजारच्या माश्या जवळ येऊन माइट जबड्यात धरून काढतात. सेरानाच्या या वर्तनाचे सविस्तर वर्णन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरे, कामकरी पिलाव्यात माइटची वीण जवळजवळ न होणे. कामकरी माशीचे घर सुमारे अकरा दिवसच झाकलेले असते आणि माइट शिरलेल्या घरातील कोश माश्या त्वरेने काढून टाकतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे दिसते की, सेरानाचा कामकरी कोश माइटच्या दंशाने फार लवकर मरतो. एका व्यक्तीचा हा नाजूकपणा समूहाचे रक्षण करतो. कोश मेला, माश्यांना तो कळला, तो बाहेर फेकला गेला आणि माइटची वीण थांबली. येथे दुबळेपणा हेच बळ ठरते.

तिसरे, नर-पिलाव्यातील समाधी. माइटला वीण करण्यास उरतात ती नरांची घरे. सेरानाच्या नराच्या घराचे झाकण कठीण असून त्यास मध्यभागी एक बारीक छिद्र असते. अनेक माइट शिरून नर दुबळा झाला, तर त्याला आतून ते झाकण फोडता येत नाही आणि कामकरी माश्याही ते उघडत नाहीत. नर व माइट दोन्ही आतच मरतात.

चौथे, ऋतू. नर-पिलावा वर्षाच्या ठराविक काळातच असतो. त्यामुळे माइटच्या संख्येला आपोआप मर्यादा पडते.

या चार साधनांमुळे सातेरीच्या पेटीत व्हरोआ सापडली तरी ती वसाहत मारीत नाही. वरील व्याख्येनुसार हा केवळ सहनशीलपणा नसून खरा प्रतिकार होय. शिवाय तो उष्ण प्रदेशापुरता नाही. काश्मीर व हिमाचलाच्या खेड्यांत घरांच्या भिंतींत खण ठेवून सेराना पाळण्याची जुनी रीत आहे. म्हणजे शीत हवामानातील माइटप्रतिकारक मधमाशी भारतातच, पूर्वापार, नांदत आलेली आहे.

परंतु या गुणाचे अतिरिक्त स्तोम माजविणे अयोग्य होईल. श्वासनलिकेत राहणारी अकॅरापिस वूडी ही निराळी माइट घ्या. ब्रिटनमधील मधमाश्यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या संहाराचा शोध घेताना रेनी यांनी १९२१ मध्ये तिचे वर्णन केले. ही माइट २०१० मध्ये जपानातील सेरानावर आढळली, आणि तेथे तिने मोठे नुकसान केले. हीच सेराना व्हरोआला दाद देत नाही. यावरून एक तत्त्व स्पष्ट होते : प्रतिकार हा दीर्घ परिचयाचा परिणाम असतो. ज्या शत्रूशी मधमाशीच्या पिढ्यान्‌पिढ्या झुंजल्या त्याच्यापुरताच तो खरा असतो.

६. जव्हार-मोखाड्याची परिस्थिती

जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. विलीनीकरणानंतर ते ठाणे जिल्ह्यात गेले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींची येथे वस्ती. भात, नागली, वरई, उडीद व खुरासणी ही येथील खरिपाची पिके. मोखाड्यातील सूर्यमाळच्या पठारावर हिवाळ्यातील रात्री चांगल्याच थंड असतात, तथापि शीत देशांप्रमाणे पिलावा महिनोन्‌महिने बंद पडावा अशी थंडी येथे नाही. येथील खडतर ऋतू पावसाळा. आषाढ-श्रावणातील झडीत माशीला बाहेर पडता येत नाही आणि साठा संपतो.

फुलोऱ्याचा क्रम साधारणतः असा. भाद्रपद-आश्विनात खुरासणीची पिवळी शेते फुलतात. माघ-फाल्गुनात पळस व काटेसावर, चैत्र-वैशाखात जांभूळ, करंज, हिरडा. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी आठ वर्षांनी एकदा सामूहिक फुलते. यांपैकी खुरासणीचा विशेष उल्लेख केला पाहिजे. खुरासणीच्या फुलास स्वतःच्या रोपाचे पराग सहसा चालत नाहीत, परपराग लागतात व ते मुख्यतः मधमाश्याच आणतात. तेव्हा येथे मधमाशीचा लाभ मधाच्या बाटलीत मोजणे अपुरे आहे. तो तेलबियांच्या पोत्यातही मोजला पाहिजे.

आता खरा प्रश्न. मेलिफेराची लागवड भारतात १९६२ मध्ये तत्कालीन पंजाबातील, आजच्या हिमाचलातील, नगरोटा बगवान येथे यशस्वी झाली. अनुकूल फुलोऱ्यात ती सातेरीच्या कित्येक पट मध देते, यात संशय नाही. परंतु तिच्यासाठी तीन गोष्टी लागतात : फुलोऱ्यामागे पेट्या हलविण्याची सोय, दुष्काळात साखरेचा पाक आणि माइटविरुद्ध वेळच्या वेळी उपचार. भारतात तिला व्हरोआबरोबरच ट्रॉपिलेलॅप्स या दुसऱ्या माइटचाही उपद्रव होतो. ही माइट मूळची आग्या माशीची. ती पिलाव्याविना काही दिवसच जगते. आग्या स्थलांतर करते तेव्हा पोळे सोडल्यामुळे तिची सुटका होते. पेटीत बंदिस्त असलेल्या व बारमाही पिलावा असलेल्या मेलिफेराला तशी सुटका नाही. शीत देशांतील हिवाळ्याचा खंडही जव्हारात नाही. म्हणजे माइटच्या वाढीला वर्षभर मोकळे रान.

दुसरीकडे, जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे खरीप हाती आले, की वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या पेटीला पंधरा दिवसांनी औषध हवे, ती पेटी अशा घराच्या परसात टिकू शकत नाही. पेटी मेली, तर कर्ज वा अनुदान तर जातेच, शिवाय ‘मधमाशी आपल्याला साधत नाही’ ही समजूत मागे राहते. म्हणून मधाच्या वार्षिक उत्पन्नाच्या आकड्यावरून जातीची निवड करणे येथे धोक्याचे आहे. मालक दूर असताना जी वसाहत स्वतःचे रक्षण करते ती येथे उपयोगी.

७. सातेरीचे स्थानिक संवर्धन

महाराष्ट्रात सातेरीच्या पालनाची परंपरा महाबळेश्वरच्या डोंगरात रुजली. तेथील मधमाशी-प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकात गो. बा. देवडीकर व चिं. व्यं. ठाकर यांनी मधोत्पादक वनस्पतींचे पराग व सातेरीची गुणसूत्रे यांवर मूलगामी संशोधन केले. १९६२ मध्ये पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. या अनुभवाच्या आधारे जव्हारसाठी पुढील गोष्टी विचारार्ह ठरतात.

पहिली गोष्ट, वसाहती त्याच तालुक्यातील जंगलातून, ढोलीतून वा वारुळातून, पोळी चौकटीला बांधून आणाव्यात. दूरच्या जिल्ह्यातून आणलेल्या पेटीबरोबर रोगही येतो. १९७६ मध्ये थायलंडमध्ये आढळलेला सॅकब्रूड विषाणू १९७८ मध्ये मेघालयात दिसला आणि १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती त्याने नष्ट केल्या. सातेरीचा खरा काळ माइट नसून हा विषाणू आहे, आणि पेट्यांची बेसुमार ने-आण हे त्याचे वाहन आहे. दक्षिणेत पुढे वसाहती पुन्हा वाढल्या त्या मुख्यतः वाचलेल्या वसाहतींच्या वंशातून. गॉटलँडचा धडा निसर्गाने येथेही दिला.

दुसरी गोष्ट, निवड. स्वच्छतावृत्ती पाहण्याची एक सोपी रीत आहे. झाकलेल्या कामकरी पिलाव्याच्या एका तुकड्यातील पन्नास-शंभर घरांत बारीक टाचणी टोचून कोश मारावेत, खूण करून चौकट परत ठेवावी आणि चोवीस तासांनी किती घरे साफ झाली ते मोजावे. सर्वांत त्वरेने साफ करणाऱ्या, पावसाळ्यात कमी घटणाऱ्या व पेटी सोडून न जाणाऱ्या वसाहतींपासून थव्याच्या ऋतूत विभाजन करावे. हे काम शाळेत गेलेला कोणताही तरुण वहीत नोंद ठेवून करू शकतो.

तिसरी गोष्ट, एकाच उत्तम वसाहतीपासून सर्व पेट्या वाढवू नयेत. मधमाशीत लिंगनिश्चिती एका विशिष्ट जनुकाच्या विविधतेवर अवलंबून असते. जवळच्या नात्यात संयोग झाल्यास फलित अंड्यांतूनही नर निपजतात, कामकरी माश्या त्या अळ्या खाऊन टाकतात आणि पिलावा विरळ, भोकाभोकांचा दिसतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संवर्धक ज्या संयोगस्थानासाठी बेट शोधतो, ते जव्हारला आयतेच लाभले आहे. येथील राणी ज्या नरांशी संयोग करते, त्यांतील बहुतेक नर जंगलातील वसाहतींचे असतात, आणि त्या वसाहती औषधाविना, साखरेविना जगून दाखविलेल्या असतात. प्रत्येक जुनी ढोली ही या अर्थाने प्रतिकाराचे बीजभांडार आहे. पोकळ म्हणून निरुपयोगी ठरवून तोडलेले झाड, आणि मध काढताना पिलाव्यासकट कापून जाळलेले पोळे, यांमुळे पाळीव पेट्यांचाही वंश क्षीण होतो. मध काढणाऱ्याने मधाचा भाग कापावा व पिलाव्याचा भाग राखावा, एवढ्या एका नियमाने पुष्कळ साधेल.

८. समारोप

सातेरीच्या मर्यादा लपविण्याचे कारण नाही. ती मध थोडा देते. उपासमार वा त्रास झाल्यास पेटी सोडून जाते. ती राळ गोळा करीत नाही, त्यामुळे भेगा बुजत नाहीत व मेणपतंग शिरतो. पावसाळ्यात तिला थोडा पाक द्यावाच लागतो, पेटीचा तळ साफ करावा लागतो आणि रिकामी पोळी काढून घ्यावी लागतात. ही कामे थोडी असली तरी नेमाने करावी लागतात. तथापि ती हाताची आहेत, पैशाची नाहीत. घरी मागे राहिलेले वृद्ध वा पोरे ती करू शकतात.

शीत देशांतील प्रयोगांचे मोल यामुळे कमी होत नाही. तेथील मधमाशीला शत्रू अकस्मात भेटला, तिच्यापाशी परिचयाचा वारसा नव्हता, म्हणून तो वारसा निवडीने, शोधाने वा शेकडो वसाहतींचे मरण पत्करून निर्माण करावा लागला. जव्हार-मोखाड्यास त्या प्रयोगांपासून घ्यावयाची ती राणी नव्हे, रीत घ्यावयाची : नोंद, निवड आणि संयमाची. प्रतिकार येथे आहेच. बाहेरच्या पेट्यांची आयात, अनावश्यक औषध आणि ढोलीच्या झाडांची तोड यांपासून तो राखणे, हेच येथील संवर्धनाचे पहिले काम होय.